नवलनानांची डावी बाजू

नवलनाना चिडके आहेत, हे मेहरूण तलावाकाठी फिरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. "कसे आहात?" विचारलं तरी वसकन अंगावर येतात. मला मात्र ते आवडतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. गोड बोलणारे तिथे रोज भेटतात आणि त्यांचा मला कंटाळा आलाय.

रावेरच्या बागांतून ट्रकपर्यंत केळीचे घड वाहण्यात नानांची हयात गेली. घड कायम डाव्या खांद्यावर. आता खांदा रिकामा आहे, पण अंग डावीकडेच झुकतं आणि पायही तिकडेच सरकतात. म्हणून त्यांची बायको लताबाई नेहमी त्यांच्या डावीकडून, पाण्याच्या बाजूने चालायची. नाना कलले की खांद्याने हळूच सरळ करायची. नाना ओरडायचे, "ढकलू नको!"

मागच्या महिन्यात ते चहाच्या गाडीवर चारचौघांत तिच्यावर ओरडले. लताबाई रावेरला मुलीकडे निघून गेली. ती परत येते की नाही, एवढंच आता नानांच्या घरात उरलं होतं.

तिन्हीसांजेला तलाव आणि आभाळ एकाच राखी रंगाचे होतात. त्या रंगातून नाना एकटे चालत, सरकत सरकत पाण्यापाशी पोचत आणि झोपेतून जागे झाल्यासारखे थांबत.

एकदा आम्ही दगडावर बसलो होतो. समोरून एक खेकडा ओल्या मातीवर तिरका तिरका चालला होता. मला खोडी सुचली.

"नाना, चिडक्या माणसाला इंग्रजीत 'क्रॅब्ड' म्हणतात. क्रॅब म्हणजे खेकडा. त्याची वाकडी चाल आणि नांगी मारायची खोड पाहून जुन्या लोकांनी तो शब्द केला."

आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. पण नाना खेकडा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"त्याले सरळ करनारं कोनी नसीन," ते म्हणाले. "मले होतं."

मग म्हणाले, "सर, तिले फोन लावा."

फोनवर ते एवढंच बोलले, "पानी लय जवळ येतं आता."

चार-पाच दिवसांनी लताबाई आली. त्यांच्या डावीकडून चालू लागली, पण हाताची घडी घालून. नाना कलले. ती बघत राहिली. नाना आणखी कलले, चप्पल ओली झाली, तरी ती हलेना. मी जागचा उठलोच.

नाना थांबले आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडले, "अवं, ढकल नं!"

लताबाईने खांदा लावला.