उंदराचं झालं, मानसाचं कवा?

"उंदराचं झालं. मानसाचं कवा?"

वर्तमानपत्राची घडी माझ्या झेरॉक्सच्या काउंटरवर आपटून चाचा हे विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत दाढीत अडकलेला कापूस काढत उभे राहायचे. मिरजगावात हायवेला लागून त्यांचं गाद्या भरायचं दुकान, समोर माझं. मी झेरॉक्स काढते आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापते. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. चाचा माझं प्रत्येक पत्रक वाचायचे. "लई तिखट लिहिती तू, पोरी. पानी ठिवत जा जवळ."

विज्ञानाच्या बातम्यांचा त्यांना नाद होता. कुठल्या दूरच्या ग्रहावर पाण्याची वाफ सापडली की म्हणायचे, "तितली वाफ दिसती यांना, आन् आपल्या नळाला पानी न्हाई ते दिसंना!" पण तुम्ही-आम्ही नुसत्या चाळतो त्यांतल्या एका प्रकारच्या बातम्या ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. विसरण्याच्या आजारावरच्या. कारण चाची विसरत चालल्या होत्या. आधी चहात मीठ पडलं, मग घराचा रस्ता गेला, मग लेकीचं लग्न झालंय हेही.

बातमी येतच राहायची. नवं औषध, उंदरांची स्मरणशक्ती परत आली, लवकरच माणसांवर चाचणी. मी समजावायचे, "चाचा, उंदराला लागू पडलं म्हणजे माणसाला पडेलच असं नाही. वर्षं लागतात."

"मंग बातमी आत्ताच कशाला छापत्यात?"

शीर्षकात 'लवकरच' लिहिणाऱ्यांना एकदा त्या दुकानाच्या पायरीवर बसवावं आणि चाचांच्या तोंडाकडे बघायला लावावं, असं मला अजूनही वाटतं.

नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेले होते. डॉक्टरांनी चाचांकडे बोट करून चाचींना विचारलं, "यांचं नाव काय?" चाचींनी पदर पुढे ओढला, मान खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "नाव आठवत नाही," असं पुटपुटत ते लिहू लागले, तसे चाचा खुर्चीतून उठलेच.

"ओ सायेब, खोडा ते! तिनं उभ्या जन्मात माजं नाव घेतलं न्हाई. 'अजी' म्हनती मला. ती लाजली, इसरली न्हाई!"

नवऱ्याचं नाव न घेण्याच्या रीतीविरुद्ध मी पत्रक काढलेलं होतं. परतताना एसटीत चाचा म्हणाले, "तुजं ते पत्रक हिनं वाचलं न्हाई तेच बरं झालं बग. नाव घेत न्हाई, म्हंजी वळखती." एरवी रूढी दिसली की भांडणारी मी, खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी रोजचा प्रयोगच मांडला. दुपारी चाचींना दुकानात आणायचं, समोर उभं राहायचं आणि विचारायचं, "सांग, माजं नाव काय?" त्या पदर ओढायच्या. चाचा ट्रकांच्या गर्दीतून मला बघायला लावायचे आणि कापसानं पांढरा झालेला अंगठा वर करायचे. मीही इकडून करायचे.

एका दुपारी चाची एकट्याच आल्या. चाचांच्या दुकानाच्या पायरीशी थांबल्या आणि त्यांनी मोठ्यानं नाव घेतलं. ते मी इथे लिहिणार नाही. गिऱ्हाईक घेतं तसं घेतलं, पुढे 'भाई' लावून. पिंजायचं मशीन बंद झालं. मी रस्ता ओलांडून धावले.

"एक गादी भरून द्या," चाची सांगत होत्या. "मऊ पायजे. आमच्या ह्यांची पाठ धरती. कडक गादीवर झोप न्हाई लागत त्यांना."

चाचांनी मापाची टेप उचलली. मग म्हणाले, "देतो, भाभी. लांबी किती धरू?"

चाचींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्याएवढेच हायेत."

गादी त्यांनी उत्तम कापसाची भरली. चार दिवसांनी मी विचारलं, तर हसले. "लई मऊ झाली, पोरी. पन मालक येईस्तोवर ती कुनाला टेकू देत न्हाई. मी आपला चटईवर." तेवढंच. त्यानंतर वर्तमानपत्र घेऊन ते कधी आले नाहीत.

थंडीत चाचा गेले. त्या चटईवरच, झोपेत.

दुकान आवरायला लेक आली होती. मी त्यांच्या घरी गेले, तर चाची त्या गादीशेजारी, जमिनीवर बसलेल्या. गादीला एक सुरकुती नव्हती. मी वाकून विचारलं, "चाची, कुणाची ओ ही गादी? नाव काय त्यांचं?"

चाचींनी पदर पुढे ओढला. मान खाली घातली.

माझा अंगठा आपोआप वर झाला. मी वळले, आणि तो कुणाला दाखवायचा ते मला कळेना.