जाऊबाईंनी शिवलेला पांढरा एप्रन

जाऊबाई,

टाचण्या दातांत धरून बोलायची तुमची खोड काही गेली नाही. समोरच्याला निम्मंच कळतं, आणि उरलेलं निम्मं तुम्ही आधीच ठरवून टाकलेलं असतं. तीर्थाला जायचंही तसंच ठरलं. तुमच्या शिवणाच्या दुकानात, कुणाच्या तरी बाहीवर खडूची रेघ ओढता ओढता तुम्ही मला ऐकवलंत, की चर्चची बस जाणार आहे, धाकट्याला मातेच्या झऱ्यावर न्यायचं आहे आणि राहायची सोयही झाली आहे. धाकटा म्हणजे माझा नवरा. केस पांढरे झाले तरी तुमचा धाकटाच. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, पण कान शाबूत आहेत. त्याला विचारावं असं तुम्हाला वाटलं नाही. मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा तो शेंबडा पोर होता आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याला न्हाऊमाखू घातलंत, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून शर्ट शिवलेत, बोट धरून शाळेत पोचवलंत. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पुढे मी बी.ए. होऊन या घरात आले, ती तुमच्या लेखी आयत्या बिळावरची नागीण. आजारपणातही वाटणी होतीच. सकाळचे घास मी भरवायचे, संध्याकाळचे तुम्ही.

खरी मेख मला फादरांच्या बोलण्यात कळली. झऱ्याच्या त्या गावात आजाऱ्यांचं घर वेगळं असतं. नातेवाइकांनी टेकडीवरच्या हॉटेलात राहायचं, आजाऱ्याच्या उशाशी फक्त पांढरा एप्रन घातलेले स्वयंसेवक. तुम्ही माझी रवानगी हॉटेलात केली होती आणि स्वयंसेविकांत स्वतःचं नाव घातलं होतं. एप्रनसुद्धा शिवून तयार.

मी तडक दुकानात आले. गिऱ्हाइकांसमोर बोलले, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

"लग्न त्याचं माझ्याशी झालंय," मी म्हणाले.

तुम्ही टाचण्या तोंडातून काढल्यात. "झालं असेल. चालायला मी शिकवलं होतं. पुन्हा मीच शिकवीन."

तुमच्यासमोरच मी आजाऱ्यांच्या त्या घराच्या सिस्टरला फोन लावला आणि स्वयंसेविका म्हणून माझं नाव घ्या म्हटलं. तिने वय विचारलं. मी खरं सांगितलं. मग तुमचंही सांगितलं, तेही खरं. शिंप्याने कापड चोरावं तसं तुम्ही वय चोरलं होतंत. सिस्टर म्हणाली, म्हाताऱ्यांना उचलायला म्हाताऱ्या चालत नाहीत. दोघींनी हॉटेलात राहा, एकच खोली शिल्लक आहे.

तुमच्याबरोबर एका खोलीत? त्यापेक्षा मी बसच्या टपावर झोपले असते. तुम्हीही तेच म्हणालात, फक्त जास्त घाण शब्दांत. दोघींनी जाणं रद्द केलं आणि आता तोही जाणार नाही असं धरून चाललो. घरी येऊन त्याला तसं सांगितलं. त्याने डाव्या हाताने भरलेल्या बॅगेकडे बोट दाखवलं.

"आमच्यातली एकही नको?" तुम्ही विचारलंत.

त्याने इतक्या जोरात होकाराची मान हलवली की पाठीमागची उशी खाली पडली. मग तोंडाची चालती बाजू वर गेली. आजारानंतर पहिल्यांदा हसला मेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

बस निघायच्या दिवशी आपल्याच चर्चमधल्या एका दांडग्या स्वयंसेविका बाईने त्याची चाकाची खुर्ची ताब्यात घेतली. तुम्ही पुढे गेला नाहीत. एप्रन माझ्या हातात कोंबलात आणि म्हणालात, "तिला दे. खिसे दुहेरी आहेत, त्याचा रुमाल राहील." मी म्हटलं, तुम्हीच द्या. तुम्ही तोंड फिरवलंत, मी जागची हलले नाही, आणि बस गेली.

तो परत आला तेव्हा उजवी बाजू होती तशीच होती. पण डाव्या हाताने जेवायला शिकून आला होता. आता चमचा ना तुमच्या हातून घेतो, ना माझ्या. याला चमत्कार म्हणायचं तर तुम्ही म्हणा, मी म्हणणार नाही.

एप्रन माझ्या कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. त्या बाईचं घर चर्चच्या मागच्याच गल्लीत आहे. पण वाट तुमच्या दुकानावरून जाते.