बोलायचे डॉक्टर

अख्ख्या गावाच्या मनातलं ज्याला तोंडपाठ आहे आणि तरीही भर बाजारात ज्याला एकही माणूस ओळखीचा नाही, असा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक होते. खर्ड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि ‘समुपदेशक’ हा शब्द आमच्याकडच्या जिभेला काही केल्या पेलेना. कुणी त्यांना ‘संपदेशक’ म्हणे, कुणी नुसतंच ‘उपदेशक’. शेवटी एका म्हातारीने दाराशी उभं राहून, “ते बोलायचं डाक्टर कुटं बसत्यात वो?” असं विचारलं आणि तेव्हापासून ते नाव कायमचं चिकटलं. आता गंमत अशी, की हे बोलायचे डॉक्टर त्या खोलीत जवळजवळ बोलतच नसत. मला हसायचा अधिकार नाही म्हणा. माझा स्वतःचा हुद्दा औषधनिर्माण अधिकारी असा होता आणि मी उभ्या नोकरीत एक गोळी निर्माण केली नाही. माझी औषधांची खिडकी त्यांच्या दाराच्या बरोबर समोर होती, म्हणून हे सगळं मला दिसलं.

रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या खोलीतलं टेबल उचलून व्हरांड्यात आणून ठेवलं. चांगलं लोखंडी, तीन खणांचं, सरकारी टेबल. समोर माणूस रडायला लागला की मध्ये टेबल येतं, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी ते आत ठेवायला लावलं, यांनी पुन्हा बाहेर काढलं, असं आठवडाभर चाललं. जडवस्तूंची नोंद घ्यायला कारकून आला तेव्हा तर टेबल कुणाच्या नावावर लावायचं यावरून मोठाच पेच पडला. अखेर ते माझ्याकडे आलं आणि त्यावर मी जुलाबाच्या पुड्यांची खोकी रचली. फिरती खुर्चीही त्यांनी परत केली. दोन सारख्या उंचीची स्टुलं, एक माठ आणि भिंतीवर काहीही नाही, असा तो सगळा थाट होता. त्यावर कहर म्हणजे आत कुणी आलं की ते पंखा बंद करत. हळू बोलणाऱ्याचा आवाज त्या पंख्याच्या घरघरीत बुडतो म्हणून! आमच्याकडचा मे महिना म्हणजे पत्र्यावर भाकरी भाजून घ्यावी असा. तासाभराने दार उघडलं की दोघंही ओलेचिंब होऊन बाहेर पडत. बाहेर बाकावर बसलेले लोक म्हणत, “आत वाफ देत्यात वाटतं.”

सल्ला मात्र ते देत नसत. आमच्या लोकांना डॉक्टरकडून निदान एक गोळी आणि मास्तराकडून निदान एक उपदेश मिळाल्याशिवाय खेप वाया गेल्यासारखी वाटते. एकदा ऊसतोडीहून परतलेला एक गृहस्थ तासभर आत बसून बाहेर आला तो तणतणतच माझ्या खिडकीशी. म्हणाला, “काय मानूस हाय का कोन? इचारलं, पोरीला पुढं शिकवू का लगीन लावून देऊ, तर सांगंच न्हाई. मीच बोलतोय आन मीच ऐकतोय. येवढं घरी बसून केलं नसतं का?” मी विचारलं, “मग काय ठरलं?” तो म्हणाला, “ठरायचं काय त्यात? शिकवायची!” आणि तसाच तणतणत निघून गेला. एकदा कुणीतरी बोलत असताना त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली आणि समोरचं माणूस बोलायचं थांबलं. घड्याळ त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. मग दिवसभर माझ्या खिडकीतून डोकं आत घालून “किती वाजले?” हा धोशा.

पण गावाला राग यायचा तो त्यांच्या ओळख न दाखवण्याचा. बाजारच्या दिवशी मी स्वतः पाहिलेलं आहे. जी बाई आदल्या दिवशी त्यांच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर पडली, तिच्याच पाटीसमोर उभे राहून हे “भेंडी कशी दिली?” विचारत होते, जणू आज पहिल्यांदा तिला पाहत आहेत. तिने मान वर करून “काय साहेब?” म्हटलं तर हेही हसत, ती काही बोलली नाही तर हे भेंडी घेऊन चालते होत. लग्नाच्या पंगतीला जात नसत, सप्त्याच्या जेवणाला नाही, कुणाच्या ओट्यावर टेकत नसत. पाराजवळ लोक म्हणत, “लई माज हाय त्या मानसाला.” एकदा आमच्या घरी भेंडी निवडत बसलो असताना मी त्यांना हे सांगितलं. तेव्हा म्हणाले, “मी तिला नमस्कार घातला, तर शेजारची विचारणार, तुला गं कसे ओळखतात? मग तिने काय सांगायचं? ओळख तिची आहे. दाखवायची की नाही, ते तिने ठरवायचं.” मी म्हणालो, “आणि लोक तुम्हाला गर्विष्ठ म्हणतात त्याचं काय?” यावर ते पुन्हा भेंडी निवडायला लागले.

असा हा मुलखाचा मुका माणूस संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरी आला की त्याचं काय व्हायचं ते सांगून कुणाला पटणार नाही. पिठाच्या गिरणीमागे एका खोलीत ते एकटे राहत. मूळचे सोनईकडचे; यापलीकडे स्वतःविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. माझं किंवा माझ्या बायकोचं त्यांच्या खोलीत कधी काम पडलं नव्हतं, म्हणून आमचं घर त्यांना चालत असे. आणि एकदा उंबरा ओलांडला की दिवसभराचा साठलेला सगळा उपदेश ते आमच्या घरात ओतत. कांदा उभा चिरावा की आडवा, लिंबाच्या झाडाला पाणी सकाळी द्यावं की संध्याकाळी, माझ्या चपलेचा अंगठा कुठे शिवून घ्यावा, आमच्या पुण्याच्या मुलीने घर पूर्वेचं घ्यावं की पश्चिमेचं. विचारावं लागतच नसे. माझी बायको हुलग्याचे शेंगोळे करायची. ताटात पडताच हे म्हणत, “वहिनी, मीठ किंचित पुढं गेलं.” ती म्हणे, “मग भावजी, ठेवा ताट खाली.” हे तिसऱ्यांदा वाढून घेत आणि मिठाविषयी बोलत राहत. हसायला लागले की वरचा पत्रा हादरे. दवाखान्यातल्या कुणी ते हसणं ऐकलं असतं तर त्याला हा माणूस दुसराच कुणी वाटला असता.

मग माझी बायको गेली. पोटाच्या वरच्या बाजूला दुखतं म्हणायची. दुखणं कळलं तोपर्यंत उशीर झाला होता; नगरला नेलं, आणि अडीच महिन्यांत सगळं संपलं. मुलगी पंधरा दिवस राहून पुण्याला गेली. त्यानंतरही ते रोज साडेसहाला येत. स्वतः पिठलं करत, मला समोर बसवून वाढत, आणि पिठल्यात लसूण केव्हा टाकावा यावर बोलत. मी हूं हूं करत असे. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

एके सकाळी खिडकीशी एक म्हातारी आली. मी गोळ्या दिल्या. तिने तळहातावर घेऊन त्या निरखल्या आणि म्हणाली, “दादा, ह्या माझ्या न्हाईत. माझ्या गोल असत्यात.” मी पाहिलं. रक्तदाबाच्या ऐवजी साखरेच्या दिल्या होत्या. तिला साखर नव्हतीच. तिला वाचता येत नव्हतं, पण आकार ध्यानात होता, म्हणून निभावलं. मी गोळ्या बदलून दिल्या, खिडकी लावून घेतली आणि समोरच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “मला आत घ्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते चक्क घाबरले. म्हणाले, “नगरला एक बाई आहेत. माझ्यापेक्षा चांगल्या. मी आज बोलतो त्यांच्याशी.” मी तेही करून पाहिलं. दोनदा निघालो आणि दोनदा स्टँडवरूनच परत आलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी म्हणालो, “माझ्याच्याने अनोळखी माणसासमोर बोलवणार नाही. तुम्ही काय ते करा.”

ते पिठलं ढवळत होते. गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, “तुम्ही त्या खोलीत आलात, तर मी या घरात येणार नाही. दोन्ही जमत नाही.”

“का जमत नाही? कोण बघतंय इथे?”

“बघण्याचा प्रश्न नाही हो. मी तुमचा मित्र आहे. तुम्ही लवकर बरं व्हावं अशी मला घाई आहे, अगदी उद्याच्या उद्या. आत अशी घाई असलेला माणूस कामाचा नाही. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बरे झाल्यासारखं कराल.” मग म्हणाले, “पुन्हा एकदा विचार करा. मलाही ते सोपं जाणार नाही.”

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण तेव्हा मला माझ्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, “मला येऊ द्या.” ते म्हणाले, “उद्या अकराला.” त्या रात्री जेवताना लसणाविषयी ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला पंखा बंद झाला. समोर बसलेला माणूस माझा कुणी नव्हता, आणि त्यामुळेच मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोललो. तिचं पोट दुखायचं तेव्हा चार महिने मीच तिला आम्लपित्ताच्या गोळ्या देत होतो. रोज संध्याकाळी, दवाखान्यातून येताना. आयुष्यभर लोकांना मी सांगत आलो, आधी डॉक्टरला दाखवा, मग गोळी घ्या. घरात सांगितलं नाही. मुलगी, मेहुणे, साहेब, सगळे मला म्हणत होते, तुमचा काय दोष? त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मी वाट पाहत होतो की आता हेही तेच म्हणतील. ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “गोळी देताना त्या काय म्हणायच्या?”

आणि मला आठवलं. ती म्हणायची, “तुमच्या हातानं दिली की उतरतं बघा.” खोटं म्हणायची. उतरत नसणारच. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची. मी किती वेळ रडलो ते सांगता येणार नाही, त्या खोलीत घड्याळ नव्हतं. त्यांनी माठातलं पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला नाही. माझा मित्र असता तर ठेवला असता.

पाच महिने मी दर मंगळवारी जात राहिलो. दोष गेला असं मी म्हणणार नाही, पण तो उचलून चालता येईल एवढा झाला. गोळ्या नीट दिसू लागल्या. लेकीशी फोनवर तिच्या आईविषयी बोलता येऊ लागलं; गोळ्यांचंही सांगितलं. मी बरा झालो, आणि साडेसहा वाजता दाराकडे कान लावून बसू लागलो. कोण येणार होतं? बाजारात ते समोरून आले की मी नमस्कार करेपर्यंत त्यांची नजर भाजीच्या पाट्यांवरून फिरावी तशी माझ्यावरून फिरून जायची. मी केला की, “बरं आहे ना?” एवढंच. एकदा मी स्वतः शेंगोळे केले आणि डबा घेऊन गिरणीमागे गेलो. ते दारात आले. “आता तर मी येत नाही मंगळवारी,” मी म्हणालो, “आता काय हरकत आहे?” ते म्हणाले, “उद्या पुन्हा यावंसं वाटलं तर? दार उघडं असायला पाहिजे ना.” मी डबा पुढे केला. कुणाकडून काही घ्यायचं नाही हा त्यांचा नेमच होता, पण झाकण काढून त्यांनी वास घेतला. “मीठ...” एवढं बोलले आणि तोंड मिटून घेतलं. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. आत एक ताट, एक तांब्या आणि एक उघडी खाट दिसत होती. घरी येताना मला पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या खोलीतल्या पाच महिन्यांसाठी मी एक माणूस गमावला होता, आणि त्यांनी तर जेवायचं एकमेव घर.

वर्षभराने त्यांची कंत्राटी नेमणूक जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, राजूरकडच्या एका दवाखान्यात झाली. निरोपसमारंभाला त्यांनी आधीच नाही म्हणून ठेवलं होतं. जाताना खिडकीशी आले. “निघतो.” मी म्हणालो, “पोचल्यावर कळवा.” ते हूं म्हणाले. कळवलं नाही. मीही फोन केला नाही. काय विचारणार होतो? तीन वर्षं एका ताटाशी बसूनही त्यांच्या घरी कोण आहे, कुणी आहे की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते घरात बोलत असत तेव्हा वाटायचं, किती बोलतो हा माणूस. त्यात स्वतःबद्दल एक अक्षर नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणी तरुण मुलगी होती, राजूरकडच्या त्या दवाखान्यातली नवी कारकून. माझं नाव, पत्ता विचारला. मी एकदम विचारलं, “काय झालं त्यांना?” तर ती हसली. “काही नाही सर, ठणठणीत आहेत. कर्मचाऱ्यांचे फॉर्म भरून घेतोय. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, तिथं त्यांनी तुमचं नाव टाकलंय. पत्ता अर्धाच लिहिलाय, म्हणून फोन केला.”

मी पत्ता सांगितला. तिने तो सावकाश लिहून घेतला.

“आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी ‘मित्र’ लिहिलंय,” ती म्हणाली. “बाकीच्यांनी बायको, भाऊ असं लिहिलंय, म्हणून विचारते. बरोबर आहे ना सर?”

मी बरोबर आहे असं म्हणालो. निदान म्हणायचा प्रयत्न केला.

“हॅलो? सर, तुमचा आवाज तुटतोय,” ती पलीकडून सांगत राहिली.