न दिलेली भेट

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आमच्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या मंडळीत मी ही गोष्ट एकदा तोंडी सांगितली आहे, पण कागद पुढे घेतला की हात अडायचा. कारण या साऱ्याची सुरुवात कागदावरच्याच एका ओळीने झाली. ती ओळ खोटी होती आणि माझ्याच हातची होती.

लाखांदूर तालुक्यात, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या एका गावात मी आशा सेविका म्हणून काम करते. गरोदर बायकांच्या घरी जायचं, त्यांची विचारपूस करायची, तपासणीच्या दिवशी त्यांना उपकेंद्रात न्यायचं, बाळंतपणानंतर बाळाचं वजन घ्यायचं, हे माझं काम. माझं सासर बौद्ध. घरात प्रभूवर विश्वास ठेवणारी मी एकटीच. धाकट्या मुलीच्या आजारपणात मी प्रार्थनेला जाऊ लागले आणि तिथलीच झाले. घरच्यांनी मला अडवलं नाही. सासूबाई सकाळी त्यांची वंदना म्हणायच्या, मी माझी प्रार्थना करायची. रविवारी एसटीने लाखांदूरला जायचं आणि दुपारी परत यायचं, असं चाललं होतं. आपण देवाच्या राज्याचे नागरिक आहोत, हे मी तिथे पुष्कळदा ऐकलं होतं आणि पुष्कळदा बोललेही होते. बोलायला मला छान जमायचं.

गावात तलावाकडच्या आळीत सयाबाई नावाची एक बाई आहे. चार एकर धानाची शेती, घरात दोन मुलगे, कामाला वाघीण. तिचा नवरा आजारी असताना मी गोळ्या द्यायला गेले होते. नवा विश्वास होता, अंगात उत्साह मावत नव्हता. कोणाला न विचारता मी त्याच्या खाटेजवळ डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. समोर त्यांचं देवघर होतं, दिवा लागलेला होता. सयाबाई म्हणाली, "तू दवाई द्याले आली का आमचा देव बदलाले?" चार बायकांसमोर म्हणाली. पुढे नवरा गेला, आणि ती मला उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागली. आज कळतं, की तिचं म्हणणं वावगं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी विचारावं, एवढीसुद्धा रीत मी पाळली नव्हती. पण तेव्हा मला वाटलं, प्रभूसाठी माझा अपमान झाला. तो अपमान मी एखाद्या दागिन्यासारखा जपला.

तिच्या थोरल्या मुलाची बायको प्रणाली. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. धानकापणीचे दिवस होते, सारं गाव शेताच्या बांध्यांत. त्या महिन्याच्या तपासणीला प्रणाली आली नाही, म्हणून तिच्या घरी जाऊन बघणं माझं काम होतं. मी निघालेसुद्धा. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर सयाबाई अंगणात सुपाने धान पाखडत बसलेली दिसली. तिने मान वर केली नव्हती, मला पाहिलंही नव्हतं. मी तिथूनच मागे फिरले. मनात म्हटलं, पोरगी धडधाकट आहे, काही असतं तर निरोप आला असता. संध्याकाळी घरी नोंदवही उघडून प्रणालीच्या नावापुढे लिहिलं, 'भेट दिली. सूज नाही. तक्रार नाही.' लिहिताना पेन जरा अडखळलं, ते खरं. पण लगेच वहीचं पान उलटलं. पुढचं नाव होतं.

त्यानंतर दोन आठवडे गेले. तो रविवार होता. त्या दिवशी मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, पाळी माझी होती, आणि विषय होता, देवाच्या राज्यात रोजचं जगणं कसं असावं. दोन पानं लिहून पर्समध्ये ठेवली होती. इस्त्रीची साडी नेसून सकाळी नवाच्या आधी फाट्यावर जाऊन उभी राहिले. एसटी त्या दिवशी उशिरा येत होती. लिहिलेलं मनात घोकत होते, पण सकाळपासून प्रार्थनेत जीव लागत नव्हता. दोन आठवडे हेच चाललं होतं. डोळे मिटले की आत काही हलायचंच नाही. मला वाटायचं, थकवा असेल. कधी वाटायचं, देव ऐकतच नसेल.

तेवढ्यात गावातून एक बाई आली आणि डोक्यावरची टोपली उतरवून माझ्या शेजारी बसली. बांगड्या विकणारी, साठीच्या आसपासची. मी तिला याआधी पाहिलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे तंबाखू मागितला, मी नाही म्हटलं. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलू लागली.

"इतक्या वर्सात असा हात नाही पाहिला माय. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भराले बलावलं, तं एकबी बांगडी चढेना. मोठ्या मापाची लावून पाहिली, साबण लावून पाहिला. हात का, भाकरीवानी फुगला होता. पोरगी म्हणे, मावशी, मले तुम्ही दोन दोन दिसून राहिल्या."

"कोणाच्या घरी?" मी विचारलं.

"थे तलावाकडली. सासू पाखडत बसली होती नं, थ्या घरची."

मी उभी राहिले. ती प्रणालीच. प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं. पायावर सूज येते, ती पुष्कळींना येते. पण हातावर, तोंडावर सूज, डोकं दुखणं, नजर अंधुक होणं, एकाचं दोन दिसणं, ही धोक्याची लक्षणं. रक्तदाब वाढून झटके येतात आणि आई-बाळ दोघंही जाऊ शकतात. ही लक्षणं मी दुसऱ्यांना शिकवते. आणि माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, सूज नाही.

त्याच वेळी एसटी आली. दार उघडलं, कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की आज साक्ष आहे, लोक वाट बघत असतील, उपकेंद्रातल्या नर्सला, सिस्टरला, फोन करून सांगितलं तरी चालेल. पण मी गाडीत चढले नाही. आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. एवढंच कळलं की दोन आठवडे मी ज्याला हाका मारत होते, तो मला हाक मारतो आहे, आणि ती हाक मंडळीतून येत नाही, सयाबाईच्या घरातून येते आहे. बांगडीवाली गाडीत चढली. मी गावाकडे धावत सुटले. धावता धावता अॅम्ब्युलन्सला फोन केला.

सयाबाईच्या अंगणात शिरले, उंबरा ओलांडला, आत गेले. प्रणाली भिंतीला टेकून डोकं धरून बसली होती. तोंड इतकं सुजलेलं की डोळे बारीक झालेले. सयाबाई मागून आली. "काहून वं, कायले आली?" तिने विचारलं.

"सयाबाई, हिले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या लागते. मले मागून काय म्हणाचं थे म्हणा. गाडी येऊन राहिली."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला, कोण जाणे. ती आत जाऊन सुनेचं लुगडं आणि चादर घेऊन आली. मुलगे मळणीला गेले होते, त्यांना शेजारणीने निरोप धाडला.

अर्ध्या तासाने गाडी आली. लाखांदूर यायच्या आधीच प्रणालीला झटका आला. तिचं सारं अंग ताठ झालं, डोळे वर गेले. गाडीतल्या डॉक्टरांनी आणि मी तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. सयाबाईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे कित्येक दिवस तिथे वळ होते. लाखांदूरला इंजेक्शन देऊन लगेच भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. त्या दीडेक तासाच्या वाटेवर मी प्रार्थना केली, पण आजवर करत होते तशी नाही. शब्द सुचत नव्हते. हिला वाचव असं म्हणायचाही मला हक्क वाटत नव्हता. कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली वैनगंगेचं पाणी दिसलं, आणि मनात एवढंच आलं, 'प्रभू, मी खोटं लिहिलं. आता तुला काय करायचं ते कर, माझंही.' एवढं बोलले आणि दोन आठवडे आवळून धरलेलं काहीतरी आत सुटलं. भीती गेली नाही. पण मी एकटी नव्हते, हे मला माझ्या श्वासासारखं कळत होतं.

दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, अगदी एवढीशी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. प्रणालीला दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि सयाबाईला म्हणाल्या, "आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. तुमच्या आशाताईंचे उपकार माना." सयाबाईने दोन्ही हात जोडले, आधी वर आणि मग माझ्याकडे. म्हणाली, "तुह्या देवानंच तुले धाडलं, बाई. मी तुले टाकून बोलली होती."

खरी परीक्षा इथे झाली. मला केवढी मोठी साक्ष मिळाली होती. ज्या बाईने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिच्याच तोंडून माझ्या देवाचं नाव. मी गप्प राहिले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. पतीला फोन केला. ते वरठीला कारखान्यात कामाला असतात. त्यांना सारं सांगितलं. ते म्हणाले, "आता कायले सांगतं? पोरगी वाचली ना. तुह्यं काम जाईन." त्यांचंही चुकत नव्हतं, घरात दोन मुली शिकत होत्या. रात्रभर विचार केला. देवाचं नाव मोठं करायला खोट्याचा आधार घ्यायचा, तर ते राज्य त्याचं कसलं, माझंच. सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सयाबाईशेजारी जाऊन बसले.

"सयाबाई, दोन हप्त्याआधी मी तुमच्या घरी येणार होती. तुम्हाले पाहून परत गेली. वहीत लिहिलं, भेट दिली म्हणून. तेव्हा आली असती तं सूज तेव्हाच दिसली असती. पोरीवर हे आलं नसतं."

समोर नातेवाईक डबे घेऊन येत-जात होते. मला वाटलं, आता ही उठेल, चार माणसं गोळा करेल. मी तयार होते.

"सूज मले दिसली होती," ती म्हणाली. "पोरगी म्हणे, आशाबाईले सांगू. मी म्हटलं, नोको, थे येऊन पुन्हा देव देव करन. कापणी होऊ दे, मंग पाहू." तिने पदराने नाक पुसलं. "आता तू सांग, कोणाचं पाप मोठं? तू लपवलं, मीबी लपवलं. लेकरू तं दोघींच्या मधात मरून राहिलं होतं."

मग तिने डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. म्हणाली, "खा. कालपासून तुह्या पोटात काही नाही." मी ती भाकरी खाल्ली. मंडळीत प्रभुभोजनाची भाकर मी अनेकदा घेतली आहे, पण तिचा अर्थ मला त्या व्हरांड्यात कळला.

गावी परतल्यावर उपकेंद्रातल्या सिस्टरला सगळं सांगितलं. त्या रागावल्या, रागावणं त्यांचं कामच होतं. ती नोंद लाल शाईने खोडली आणि माझ्याकडून लेखी घेतलं. तालुक्याच्या बैठकीत मला सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. लेखी ताकीद मिळाली, काम गेलं नाही. इतर आशांपैकी काही जणी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. एक मात्र बैठक संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माह्याबी वहीत दोन नावं आहेत. उद्या जाऊन येतो." ती कोण, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

बांगडीवालीचं सयाबाईला विचारलं होतं. तिला सोमवारी बोलावलं होतं, सोमवारी दुसरीकडे लग्नाचं काम निघालं म्हणून ती आदल्याच दिवशी आली. एवढंच. याला योगायोग म्हणा की देवाची योजना, मी यावर वाद घालत नाही. मला फक्त माहीत आहे की मी पाठ फिरवली होती, आणि देवाने माझी पाठ सोडली नाही.

आज प्रणालीची मुलगी धावते. सयाबाईच्या देवघरात तिचा दिवा आजही लागतो, आणि मी तिथे गेले की तो तेवत असताना तिच्याशी धानाचं, पावसाचं, नातीच्या खोकल्याचं बोलते. तिने मला प्रार्थना करायला सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. पूर्वी मला वाटायचं, देवाचं राज्य मी घरोघरी घेऊन जाते आहे. त्याची पताका जणू माझ्याच हाती आहे. आता कोणत्याही दाराशी पोचले की जरा थांबते. तो माझ्या आधी आत जाऊन बसलेला असतो, कधी आजारी सुनेच्या रूपात, कधी रागावलेल्या सासूच्या. मला फक्त वेळेवर पोचायचं असतं, आणि जे दिसेल ते खरं सांगायचं असतं. बाकी सारं त्याच्या हाती आहे. ते तसं आहे, यासाठी मी रोज सकाळी घराबाहेर पाऊल टाकताना त्याचे आभार मानते आणि पहिल्या घराकडे चालू लागते.