तिसरी मोटर आणि मल्लव्वाचा कडबा

"मॅडम, दोनच!" अल्फिया माझ्या कानाशी ओरडली.

मलाही तेच दिसलं होतं. रॉकेटच्या बुडाशी तीन ज्वाळा हव्या होत्या, दोनच होत्या. रॉकेट लाँच रेलच्या उभ्या पट्टीवरून सुटलं, झाडाच्या शेंड्याएवढं वर गेलं आणि एका बाजूला कललं. मागे मंडपात टाळ्या वाजत होत्या. त्यांना धूर दिसत होता, आवाज येत होता आणि काहीतरी वर चाललं होतं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. रिटायरमेंट आता फार लांब नाही. शिकवण्याशिवाय जी कामं कुणी घेत नाही ती माझ्या टेबलावर येतात. रॉकेट क्लबची सेफ्टी ऑफिसर हे त्यातलंच एक. सगळे 'चला' म्हणत असताना 'थांबा' म्हणायचं, एवढंच ते काम. दिवसभरात मी इतक्या वेळा 'थांबा' म्हणते की घरी गेल्यावर बोलायची इच्छाच उरत नाही.

हे दिवाळीतलं रॉकेट नव्हतं. माणसापेक्षा उंच, फायबरच्या नळीचं हाय-पॉवर किट होतं. त्यातली मोटर म्हणजे पंख्यात असते तशी फिरणारी मोटर नव्हे. घट्ट इंधन ठासलेलं धातूचं नळकांडं. एकदा पेटलं की ते विझवता येत नाही, जळून संपेपर्यंत वाट बघायची. अशा दोन-तीन मोटर्स शेजारी बसवून एकदम पेटवल्या की त्याला क्लस्टर म्हणतात. सगळी अडचण त्या 'एकदम'मध्ये आहे. जोडीतला एक बैल बसला तर गाडी थांबते. रॉकेट थांबत नाही, वळतं.

म्हणून मी मीटिंगमध्ये म्हटलं होतं, "सर, पहिल्या वर्षी एकच मोटर ठेवू."

डायरेक्टर सर म्हणाले, "मॅडम, एका मोटरचं तर कुणीही उडवतं. चेअरमन साहेबांना दाखवायचं काय?"

"सरळ वर गेलेलं रॉकेट दाखवू की."

सर हसले. पुढचा विषय निघाला. तीन मोटर्स ठरल्या.

अल्फिया टीमची लीडर, फायनल इयरची. वडिलांचा मालवाहू टेम्पो आहे. लहानपणापासून इंजिनाशी खेळलेली असल्यामुळे तिच्या हाताला घाई नाही. शेपटीचे पंख तिने तीनदा चिकटवले आणि दोनदा उखडले, कारण ते केसभर वाकडे होते. मोटर पेटवायला इग्नायटर लागतो, म्हणजे टोकाला काडेपेटीसारखा मसाला असलेली बारीक तार. ती मोटरच्या आत अगदी वरपर्यंत सारायची आणि बॅटरीने पेटवायची. नुसते इग्नायटर घेऊन अल्फियाने लॅबमागे इतक्या चाचण्या केल्या की वॉचमन कंटाळून दुसऱ्या गेटला जाऊन बसायला लागला. शेवटी शेवटी तिन्ही टोकं दर वेळी एकदम भडकत होती. मी सही केली.

विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळे जवळपास उडवायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या परवानग्या काढून आम्ही अक्कलकोटच्या पुढे एक पड रान मिळवलं. ज्वारीची काढणी झालेली. सकाळी तिथे वारा पडलेला असतो, म्हणून उजाडता उजाडताच उडवायचं ठरलं होतं.

चेअरमन साहेब पोचले तेव्हा ऊन चटका द्यायला लागलं होतं. वारा मर्यादेत होता, पण त्याची दिशा फिरली होती. रॉकेट थोडं वाऱ्याच्या तोंडाला कलतं ठेवावं लागतं, म्हणून उभ्या रॉकेटसकट रेल फिरवली. रॉकेट लांबून पेटवायच्या पॅनलवर तीन हिरवे दिवे असतात. प्रत्येक इग्नायटरची तार अखंड असली की त्याचा दिवा लागतो. तिन्ही लागले. मी किल्ली फिरवली, अल्फियाने बटन दाबलं. पुढचं सांगितलंच आहे.

पॅराशूट मात्र वेळेवर उघडलं. मंडपात पुन्हा टाळ्या. वाऱ्याने रॉकेट उचललं आणि ते रानाच्या कडेला, वस्तीच्या बाजूला हळूहळू वाहत निघालं.

"मॅडम, तिसरी मोटर आत तशीच आहे," अल्फिया म्हणाली.

"माहीत आहे. चल."

नियम साधा आहे. न पेटलेली मोटर आत असेल तर रॉकेटजवळ कुणी जायचं नाही, बराच वेळ. पण नियम माहीत असलेली माणसं मागे होती आणि रॉकेट पुढे चाललं होतं. आम्ही ढेकळांतून पळत सुटलो. पळत म्हणजे, अल्फिया पळत होती. माझे गुडघे बघता मी आपली येत होते.

त्या वस्तीवर मल्लव्वा राहते. साठीची बाई, दोन म्हशी, मुलगा पुण्याला. सकाळी मी वस्तीवर सगळ्यांना सूचना द्यायला गेले तेव्हा तिने मला ताक दिलं होतं आणि विचारलं होतं, "हे वर जाऊन काय करतंय?"

"काही नाही. खाली येतं."

"मग पाठवतासा कशाला?"

मी ताक संपवलं. याचं उत्तर डायरेक्टर सरांकडे असावं.

आता रॉकेट उतरलं ते थेट तिच्या कडब्याच्या गंजीवर. पॅराशूट एका बाजूला लोंबलं, नळी पेंढ्यांमध्ये आडवी रुतली. मल्लव्वा गोठ्यातून बाहेर आली आणि बघायला निघाली.

"जवळ जाऊ नका!" मी लांबून ओरडले. ती थांबली. मी पोचले, तिच्या शेजारी उभी राहिले आणि दम घेतला. तेवढ्यात धूर दिसला.

पॅराशूट जळू नये म्हणून नळीत कापसासारखं वॅडिंग भरतात. ते कुठेतरी धुमसत राहिलं असणार. आधी एक करडी रेघ निघाली. मग खाली नारिंगी काहीतरी हललं.

"बेंकी!" मल्लव्वा किंचाळली. "आग लागली! कडबा जळलालाय माझा!"

ती धावली. मी तिचा दंड धरला. ती शेतात राबलेली बाई, मी खडू धरलेली. मला आवरेना. मी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली आणि खाली बसले, तीही माझ्याबरोबर बसली.

"बिडू! सोड मला! वरच्या पेंढ्या तरी ओढू दे की!"

"मल्लव्वा, त्याच्यात अजून एक आहे. पेटलेलं नाही ते. आगीनं पेटंल."

"पेटू दे! म्हशी काय खातील?"

पाण्याचे पंप पाठीला लावलेली आमची दोन पोरं पोचली. त्यांना वाटलं, मी बाईला धीर देतेय. ती सरळ गंजीकडे निघाली.

"थांबा!" मी ओरडले. "एक पाऊल पुढे नाही!"

"मॅडम, पाणी आहे आपल्याकडं! आत्ता विझंल!"

"थांबा म्हटलं ना!"

अल्फिया त्यांच्या पुढ्यात हात पसरून उभी राहिली. ती रडत होती, पण हलली नाही. पाठीवर पाणी घेतलेली पोरं, समोर आग, आणि माझ्या मिठीत मला कानडीत शिव्या देणारी बाई. त्यातल्या सगळ्या मला कळत होत्या, माझंही माहेर त्याच भागातलं. मागून मंडपातलं कुणीतरी ओरडत होतं, "अहो, बघताय काय? पाणी मारा की!"

मला स्वतःची खात्री होती असं म्हणणार नाही. मोटर कदाचित पेटलीही नसती. मग मी एका बाईचा कडबा उगीच जळू दिला असं झालं असतं.

मग ती पेटली. फटाक्यासारखा आवाज नाही, लोहाराच्या भात्यासारखा, फक्त फार मोठा. गंजीचा एक कोपरा आतून उसवला. रॉकेट पेंढ्या फाडत बाहेर आलं, जमिनीला घासत आमच्या समोरून गेलं आणि बांधावर आपटून तुटलं. ज्या बाजूने मल्लव्वा पेंढ्या ओढायला जाणार होती, त्याच बाजूने.

माझ्या हातातला तिचा जोर गेला.

"आता जा," मी पोरांना म्हटलं.

गंजीचा मागचा भाग वाचला. बाकी काळं झालं. मल्लव्वा त्या राखेकडे बघत बसली. मग म्हणाली, "धरलीस ते बरं केलीस, बाई. पण म्हशीस्नी कसं सांगू?"

चेअरमन साहेब तोवर निघाले होते, डायरेक्टर सरही त्यांच्याबरोबर. त्यांनी उड्डाण पाहिलं, खाली उतरणं पाहिलं नाही. संध्याकाळी डायरेक्टर सरांचा फोन आला.

"मॅडम, रिपोर्टमध्ये अंशतः यशस्वी लिहू या."

"आणि कडबा, सर?"

"कसला कडबा?"

मी सांगितलं. सर म्हणाले, प्रोसिजरने बघू. मी प्रोसिजर एवढी वर्षं बघतेय. म्हशींना रोज दोनदा भूक लागते.

दुसऱ्या दिवशी अल्फिया केबिनला आली. "मॅडम, आपल्या क्लबातली निम्मी पोरं खेड्यातली आहेत. प्रत्येकाच्या घरी कडबा असतो. अब्बांचा टेम्पो आहे." मी काही बोलायच्या आत तिने फोन लावून माझ्या हातात दिला. तिचे वडील म्हणाले, "फिकर नक्को करो मॅडम. डिझेल टाकतो, निघतो."

रविवारी आम्ही गावोगाव फिरलो. कुणाच्या आईने हसत पेंढ्या दिल्या, कुणाच्या वडिलांनी आधी पोराला चार शब्द सुनावले, मग दिल्या. एकांनी विचारलं, "रॉकेटला कडबा लागतो व्हय?" मी म्हटलं, "लागतो." समजावून सांगायची ताकद नव्हती. टेम्पोच्या केबिनमध्ये मी पूर्ण वेळ अंग खाजवत बसले होते. मल्लव्वाने नवी गंजी आमच्याकडून रचून घेतली आणि सगळ्यांना जेवायला बसवलं.  वाढताना ती माझ्या ताटात भाकरी मोडून टाकत राहिली, नको म्हटलं तरी.

अल्फियाने तुटलेले तुकडे लॅबमध्ये मांडून कारण शोधलं. रेल फिरवताना तारेला ओढ बसली होती आणि तिसरा इग्नायटर मोटरमधून अर्धा बाहेर सरकला होता. तार अखंड होती, म्हणून दिवा लागला. टोक पेटलं, पण इंधनापासून लांब. आता आमच्याकडे नियम आहे. रॉकेट बोटभर जरी हललं तरी इग्नायटर पुन्हा पहिल्यापासून बसवायचे, मंडपात कुणीही ताटकळत असो.

या वर्षी एकाच मोटरचं रॉकेट आहे.  जागा बघायला मीच गेले होते. पूर्वी मी मोकळं आभाळ बघायचे आणि सही करायचे. आता वारा जिकडे जाईल तिकडे आधी चालत जाते आणि तिथे कोण राहतं ते विचारून येते. यात वेळ फार जातो आणि गुडघे दुखतात. दुसरी पद्धत मला अजून सापडलेली नाही.