मोर झालेल्या बायका

विणायच्या मशीनखाली लोकरीचा भुगा साचतो. संध्याकाळी टोपलीभर झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढाच! फॅक्टरीतल्या किश्शांचंही तसंच. मला नोकरी सोडून दोन वर्षं झाली, तरी पदर झटकला की एखादा खाली पडतोच.

परवा गुडलँड्सच्या बस स्टँडजवळच्या दुकानात एक नवीन मशीन पाहिलं. टीव्हीसारखी काच, खाली एक दांडी. नाणं टाकायचं आणि काचेतल्या किड्यांना गोळ्या घालायच्या. एक चांगला मिशीवाला बाप्या तासभर तिथं खिळलेला. ना भिडू, ना भांडण. मेलेला किडा "मला लागलंच नाही!" असं म्हणतसुद्धा नाही. याला म्हणे खेळ!

मी दुकानदाराला म्हटलं, "आम्ही हेच दहा वर्षांपूर्वी खेळायचो. आणि आमचे किडे उलट बोलायचे!"

आमची फॅक्टरी गुडलँड्सचीच. इंग्लंडच्या थंडीसाठी आम्ही मॉरिशसच्या उन्हात घाम गाळत स्वेटर विणायचो. याहून मोठा विनोद मला अजून सुचलेला नाही. खात्यात मशीनच्या दोन ओळी, लाईन एक आणि लाईन दोन. जेवणाची सुट्टी अर्धा तास. दहा मिनिटांत रोटी पोटात, उरलेली वीस मिनिटं युद्ध!

हत्यार म्हणजे कॉलरचे गठ्ठे बांधायचं रबर. आम्ही त्याला लास्तिक म्हणतो. अंगठ्यात अडकवा, ताणा, सोडा. दोन्हीकडून पाच-पाच जणी. जिला लागलं तिनं स्वतःच ओरडायचं, "मोर!"

भारतातल्या वाचकांनी पिसारा शोधू नये. आमच्या क्रेओलमध्ये मोर म्हणजे मेलेला. मेलेलीनं डोक्यावर दोन्ही हात ठेवून जमिनीवर बसायचं, आणि जिंकणारी "फिनी!", म्हणजे संपलं, असं म्हणेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चाळीस बायकांच्या खात्यात याहून कडक शिक्षा कुणी शोधून दाखवावी!

आता खेळायचो कशासाठी, तेही सांगते. आमची सुपरवायझर मादाम झाक्लीन गणपतीच्या दिवशी खात्यातल्या पाचच जणींना सोडायची. "कुठल्या पाच ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं डोकं खाऊ नका!" मग आम्ही लास्तिकनं ठरवायचो. गणपतीच्या आदल्या आठवड्यातला सामना जी लाईन जिंकेल, तिच्या पाच जणींना सुट्टी. बाकी वर्षभर नुसता सराव.

लाईन एकची पुढारी मी, शेवंती. पेती राफ्रे गावची सून, सें पिएरची लेक. भाऊ इंग्लंडला गेला, वडील वारले, सें पिएरच्या घरात आई एकटी. तीन वर्षं मी सामना हरले. तीन वर्षं आईनं एका हातात ताट, दुसऱ्या हातात घंटा घेऊन आरती केली, आणि टाळ्या वाजवायला घरात कुणी नाही.

लाईन दोनची पुढारी मारी-लुईझ. ग्राँ गोबच्या कोळ्याची मुलगी. तिला गणपतीची सुट्टी कशाला हवी? समुद्रावर पिकनिकला! पण खेळायची अशा श्रद्धेनं, की गणपतीच गोंधळला असेल, यातली आपली भक्त कोणती!

* * *

पहिला प्रकार "साफ". एका बाजूच्या पाचही मेल्या की खेळ संपला. शेंबड्या पोरालाही कळेल असा.

आमच्यात देवकी काकी होत्या. वय पंचावन्न, गुडघे त्याहून म्हातारे. खेळ सुरू झाला रे झाला की काकी पहिल्या मिनिटाला, "मोर!" आणि बसल्या भिंतीला टेकून.

एकदा मारी-लुईझ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काकी, आम्ही अजून लास्तिक हातातसुद्धा घेतलेलं नाही!"

काकी डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून गप्प. संध्याकाळी बसमध्ये मी त्यांना धरलं. "काकी, कुणी मारलंच नाही तर मेलात कशा?"

"गो शेवंते, सकाळी सातपासून उभी आहे. माझी मी मेले. तुझी काय हरकत?"

* * *

दुसरा प्रकार "पंखा". मालकांना आमची केवढी काळजी! चाळीस बायकांत एक पंखा, तोही मोठं मशीन तापू नये म्हणून. त्याच्याखाली एक खुर्ची. जी त्या खुर्चीत मोजून तीन मिनिटं बसून राहील ती जिंकली. मात्र तिला लास्तिक मारायचं नाही, फक्त ओढून उठवायचं.

मारी-लुईझनं अक्कल लढवली. एप्रनच्या नाड्या खुर्चीच्या पाठीला बांधून घेतल्या, सात गाठी! आम्ही पाच जणींनी ओढलं, खुर्चीसकट फरफटत गेली, पण उठली नाही. तीन मिनिटं झाली. "फिनी!" म्हणून तिनं शिट्टीसुद्धा मारली.

तेवढ्यात भोंगा. गाठी सुटेनात. दारात मादाम झाक्लीन!

मादामनं चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खुर्ची एवढी आवडली? मग घेऊनच जा."

त्या दुपारी मारी-लुईझ पाठीला खुर्ची लावून मशीनपाशी उभी होती. आम्ही येता-जाता विचारायचो, "बसू का गं जरा?"

* * *

तिसरा प्रकार "गाडी". मालाची चाकाची गाडी कापायच्या टेबलापासून पॅकिंगच्या दारापर्यंत न्यायची. आपली बाई गाडीला हात लावून असेल तरच गाडी पुढं ढकलायची. दुसऱ्या बाजूनं ती अडवायची.

एका दुपारी आमची गाडी निम्म्यावर, मी पुढं वाकलेली, मागं तिघी ढकलताहेत, देवकी काकी नेहमीप्रमाणे वारलेल्या. आणि मोठे साहेब परदेशी गिऱ्हाईक घेऊन आत! पहारा देणाऱ्या बाईनं शिट्टी मारायची, तर ती दालपुरी खात होती.

लास्तिकं खिशात गेली. पण गाडी कुठं खिशात घालणार? ढकलतच राहिलो. गिऱ्हाईकानं घड्याळ पाहिलं, म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काम करतात?"

साहेबांची छाती फुगली. "आमच्या बायकांना थांबवावं लागतं!"

मग गिऱ्हाईकाचं बोट भिंतीजवळ बसलेल्या काकींकडं गेलं. "आणि ही डोक्यावर हात ठेवून का बसली आहे?"

साहेब म्हणाले, "ती… दमलीय. काम करून करून!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस. लाईन एकच्या उत्साहाचा सगळ्यांनी आदर्श घ्यावा. वाचून मारी-लुईझ आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. गाडी रिकामी होती, हे मात्र त्या गिऱ्हाईकालाही दिसलं नाही, साहेबांनाही!

* * *

त्या वर्षी आमच्या मराठी वर्गाला भारतातून एक गुरुजी आले होते. स्वभावानं गरीब, भाषेनं एकदम शुद्ध. आम्ही "पाणी आणलं"ऐवजी "पानी हाडलं" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा.

मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला ते जेवणाच्या सुट्टीत फॅक्टरीच्या फाटकाशी आले. आत लढाई ऐन रंगात. खिडकीतून आवाज, "मोर! मोर!"

मी बाहेर गेले तर गुरुजींचे डोळे भरलेले. "शेवंतीबाई, इतक्या दूर येऊनही तुम्ही मोर विसरला नाहीत!"

"कशा विसरू, गुरुजी? रोज चार-पाच तरी होतात."

त्यांना वाटलं नाचाची तालीम! रविवारी मंडळात दोनशे माणसांपुढं त्यांनी जाहीर केलं, "आता आपल्या कारखान्यातल्या भगिनी मयूरनृत्य सादर करतील."

मी देवकी काकींकडं पाहिलं, काकींनी माझ्याकडं. काय करतो! पाचही जणी स्टेजवर गेलो. दोन उड्या मारल्या, "मोर!" ओरडलो, आणि डोक्यावर हात ठेवून बसलो. पडदा पडेपर्यंत एक शब्द नाही.

टाळ्याच टाळ्या! गुरुजी म्हणाले, "शेवटची ती स्तब्धता… अप्रतिम!"

मागच्या रांगेतली क्रेओल समजणारी पोरं मात्र बाकाखाली लोळत होती.

* * *

आता चौथा प्रकार, "राणी". हा माझ्याच डोक्यातून निघाला, म्हणून त्याचे नियमही मीच लिहिले. प्रत्येक लाईननं फॅक्टरीतली एक बाई आपली राणी म्हणून ठरवायची. तिचं नाव चिठ्ठीवर लिहून लोकर गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या कोनाखाली ठेवायचं. कुणाला सांगायचं नाही. राणीला लास्तिक लागलं की लाईन तिथल्या तिथं हरली, बाकीच्या जिवंत असल्या तरी.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीचा सामना "राणी" होता. आणि आदल्याच दिवशी आईचा निरोप आला, ओळखीच्या बस कंडक्टरबरोबर. तो जसाच्या तसा सांगते.

"शेवंतीला सांग, यंदा ती आली तरच गणपती बसेल. नाहीतर मी पाट धुऊन भिंतीला उभा करते. मला एकटीला आता ताट पेलवत नाही."

रात्रभर मला तो भिंतीला टेकलेला पाट दिसत होता.

सकाळी मी चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता. काकींना राणी केलं असतं तर पहिल्याच मिनिटाला राज्य बुडालं असतं!

खेळ सुरू झाला. काकी गेल्या. आमच्या आणखी दोघी गेल्या. त्यांच्या दोघी गेल्या, पण राणी निघाली नाही. मग एकेक करत आमची शेवटची भिडूही गेली, त्यांच्याही आणखी दोघी बसल्या. मी मोजलं. चौघी मेल्या, राणी अजून जिवंत. म्हणजे मारी-लुईझच राणी! उरलो आम्ही दोघीच. ती कोनांच्या पिंपामागं, मी टेबलाखाली. पहारा सोडून पहारेकरीणसुद्धा बघायला आलेली.

मारी-लुईझनं पिंपामागून डोकं काढलं आणि हसली. माझ्या डोक्यात एकच, पाट. मी लास्तिक ताणलं ते पार कानापर्यंत. सोडलं. ती झटकन पिंपामागं लपली.

दार उघडलं.

लास्तिक मादाम झाक्लीनच्या कपाळावर बसलं. असा आवाज झाला की मशीनमध्ये सुई मोडावी!

मी टेबलाखालून बाहेर आले. मनात म्हटलं, गेली सुट्टी, गेली नोकरी. आई, धू तो पाट!

तेवढ्यात पिंपामागून मेल्यासारखा आवाज आला. "मोर."

मारी-लुईझ उभी होती. मला कळेना. "तुला कुठं लागलं?"

ती कोनापाशी गेली, चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. वर लिहिलं होतं, मादाम झाक्लीन.

"अगं, पण मादाम कुठं खेळात आहे?"

"तुझाच नियम आहे," मारी-लुईझ म्हणाली. "राणी फॅक्टरीतली बाई असावी. खेळातली असावी, असं कुठं लिहिलंस? मला वाटलं, तिला मारायची कुणाची छाती आहे!"

एवढं बोलून तिनं डोक्यावर हात ठेवले आणि बसली.

मादामनं हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली. तिनं वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. मग झगा सावरला, देवकी काकींच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

भोंगा झाला. कुणी हललं नाही.

"मादाम," मी म्हटलं, "मशीनं चालू करायची?"

मादाम गप्प.

"मादाम, माझं चुकलं. मुद्दाम नाही मारलं."

मादाम गप्प. शेजारून काकी डोळ्यांनी मला काहीतरी खुणावत होत्या. भुवया वर, खाली, वर. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"फिनी!"

मादाम उठली. झगा झटकला. "शेवंती, गणपतीला तुमच्या पाच जणी. आता मशीनवर!"

दारापर्यंत गेली. तिथून वळली आणि मारी-लुईझकडं पाहिलं. इतकी चिडलेली मादाम आम्ही सहा वर्षांत पाहिली नव्हती.

"मी राणी होते तर मला आधी सांगायला काय झालं होतं? मी मागच्या दारानं आले असते!"