लोट्याएवढा बॉयलर

रांझीच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं बॉयलरवर होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण प्रेशरच्या काट्यावर कोणा इंजिनियरनं माझी चूक काढली नाही. मुलगा पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा त्याचं कॉफीचं मशीन इथंच राहिलं. "पुढच्या वेळी नेतो," म्हणाला. त्याच्यातही बॉयलर असतो, लोट्याएवढा.

मी कॉफी पीत नाही. बायको गेल्यापासून घरात दुसरं कोणी नाही. तरी रोज सकाळी पाणी भरून मशीन तापवायचो, वाफ सोडायचो, बंद करायचो. कारखान्यात आमची रीतच होती, पाणी भरलेला बॉयलर थंडा पडू द्यायचा नाही. सडतो.

दोन वर्षांनी वाफेची नळी नुसती फुसफुसायला लागली. मुलाला फोन केला.

"बाबा, खोलू नका. मेकॅनिकले दाखवा."

"मले मेकॅनिक दाखवून राहिला तू?"

प्लग काढला, मशीन थंड होऊ दिलं, खोललं. आत पांढरी पपडी, नखानं निघेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कारखान्यात पाणी साफ होऊन यायचं. इथं मी बोअरचं खारं पाणी रोज उकळत होतो. पिणारा कोणी नसताना. मशीन नुसतं पडून असतं तर बरं राहिलं असतं. चूक माझी, पण ती कोणाला सांगितली नाही.

लिंबूसत गरम पाण्यात घालून बॉयलर भिजवला, तीनदा धुतला, वायसर नवं टाकलं. वाफ अशी निघाली की खिडकीची काच दिसेना. लगेच मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

"वा बाबा, मान गये! पण तिथं पिते कोण?"

"कोणी नाही."

"मग काहून चालवून राहिले? देऊन टाका कोणाला. मी इथं नवं घेतलं ना."

"कधी?"

"झाले सहा महिने."

"अच्छा," म्हटलं, अन् फोन ठेवला. त्याची पलंग-कपाटं कधीच गेली. त्याचं म्हणावं असं घरात एवढंच उरलं होतं.

पुढच्या इतवारी त्यानं विचारलं, "दिलं का?"

"दिलं. गोरखपूर मोहल्ल्यातल्या एकाले."

"बरं झालं."

आता फिल्टरचं पाणी भरतो, अन् रोज नाही, आठवड्यातून दोनदा तापवतो. इतवारी त्याचा चेहरा फोनवर यायच्या आधी मशीनवर टॉवेल टाकतो.